शिवराईला आंघोळ

शिवाजी पेठेतल्या जोतीराम साळोख्यांनी लग्नाला चौदा वर्षं झाली तरी घरातली साधी कपबशी विसळली नव्हती. "मला त्यातलं जमत न्हाई," एवढ्या एका वाक्यावर गड्यानं संसार रेटला. अशा माणसाला नेमकं त्या रविवारी सकाळी बायकोला हातभार लावायची हुक्की आली. आता ह्याला काय म्हणावं?

त्याचं असं झालं. त्यांच्या बायकोकडं, म्हणजे वर्षाराणी वहिनींकडं, कुरुंदवाडच्या माहेरची एक शिवराई होती, शिवकाळातलं तांब्याचं नाणं. देव्हाऱ्यात पडून पडून काळीकुट्ट झालेली. गडहिंग्लजचे अप्पा नेसरीकर, रिटायर मास्तर, जुन्या नाण्यांचे भारी शौकीन. त्यांनी मोबाईलवर तिचा फोटो बघितला आणि म्हणाले, "वैनी, अक्षर येगळं दिसतंय. खरी निघाली तर पंचवीस हजार देतो." वहिनींनी तिथल्या तिथं घरघंटी घ्यायची ठरवली. दळणाचा डबा कमरेवर घेऊन गिरणीच्या रांगेत उभं राहायचा त्यांना मनापासून वीट आला होता. घरघंटीसाठी स्वयंपाकघरातला कोपरासुद्धा रिकामा करून झाला.

अप्पा अकराला येणार होते. वहिनी कोथिंबीर आणायला बाहेर पडल्या आणि घरात उरले दोघंच, जोतीराम आणि ताटात काढून ठेवलेली शिवराई.

जोतीरामनी तिच्याकडं बघितलं. पावणं बघायला येणार आणि आपण पोरगी पारोशी दाखवायची? (स्वतःच्या लग्नाआधी बघायच्या कार्यक्रमाला ते दोनदा साबण लावून गेले होते. तरी वहिनींनी तीन दिवस विचार केला होता.) त्यांनी चिंच भिजवली, मीठ घेतलं, वर चिमूटभर राख घेतली आणि बाह्या सरसावून नाणं घासायला बसले. अर्ध्या तासात शिवराई अशी लखलखली की त्यांना तिच्यात स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या.

तेवढ्यात फोन वाजला. "एसटी स्टँडवर उतरलोय," अप्पा म्हणाले. "एक सांगायचं राहिलं. नाण्याला पाणीबी लावू नका. तो काळा थर हाय न्हवं, त्येचीच किंमत. घासलं की कवडीमोल."

"आमी कशाला घासतोय?" जोतीराम म्हणाले आणि घाईनं फोन ठेवला.

मग सुरू झाली धावपळ. शिवराई गॅसवर धरली, बोटं भाजली, नाणं तसंच. चहाच्या चोथ्यात पुरली. तव्याच्या बुडाला घासली. कशानं म्हणून ती काळी होईना. शेवटी त्यांना स्वतःच्या मिशांची आठवण झाली. कपाटात दर पंधरवड्याला लागणारी हेअर डायची बाटली होती. ब्रशनं दोन हात मारले, टेबलफॅनसमोर धरली, आणि शिवराई पुन्हा काळीभोर.

अप्पा आणि वहिनी दारात एकदमच आले. अप्पांनी भिंग काढलं, शिवराई उचलली, अंगठ्यानं हलकेच पुसली. अंगठा काळा झाला. त्यांनी नाणं हुंगलं. मग मान वर करून जोतीरामच्या मिशांकडं बराच वेळ बघितलं.

"एकाच बाटलीतलं दिसतंय," अप्पा म्हणाले.

जोतीरामनी सगळं कबूल केलं. वहिनींनी रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं. "आता काय येईल हिचं?"

"तीनशे रुपये. नाणं खरं होतं हो, पण घासलंय इतकं मन लावून की कोनाकोपऱ्यातबी डाग सोडला न्हाई. असला हात मी चाळीस वर्षांत बघितला न्हाई."

"मन लावून?" वहिनी नवऱ्याकडं वळल्या. "आन चौदा वर्षं कपबशी जमत न्हवती व्हय?" त्यांनी हाताला धरून जोतीरामना अप्पांच्या पुढ्यात उभं केलं. "मास्तर, मग ह्यांचं काय येईल बघा की. जुनं हायत. आजवर कुठल्या कामाला लावलं न्हाईत, आणलं तसं हायत."

अप्पांनी भिंग डोळ्याला लावलं. जोतीरामना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, आणि भिंग घडी घालून खिशात ठेवलं.

"न्हाई वैनी, ह्यात काय दुर्मिळ न्हाई. असला माल पेठेत घरटी एक हाय. आन ह्येलाबी वरनं रंग दिलाय."