मुंबईवाल्याची बाजू

मंगळवारी सकाळी बाबा गेले. दुपारी माणसं जमली. दादाराव भोयर आले, बाबांजवळ बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या डावखुऱ्याचा चेंडू वळत नाई." मग ते उत्तराची वाट पाहत बसले.

ओसरीवरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी दादारावांचा दंड धरून त्यांना अंगणात नेलं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "राहू द्या त्याईले. त्याईले दुसरं काही बोलताच येत नाई."

हे खरं होतं. दादाराव आर्वीच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, दादाराव वजन सांगायचे, आणि गाडीवान बैल सोडेपर्यंत त्याला विचारायचे, "फिरकीत मोठा कोन? डावखुरा का मुंबईवाला?" गाडीवानाला आपल्या कापसाच्या वजनाची काळजी असायची. तो बिचारा काट्याकडे पाहत म्हणायचा, "तुमी म्हनान तो." दादाराव खूश. गावात आपल्या मताची माणसं फार आहेत असा त्यांचा समज होता, तो असा तयार झाला होता.

क्रिकेट त्यांनी कधी खेळलं नव्हतं. चांगला सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण मनगटाने चेंडू वळवणारा मुंबईचा गोलंदाज हा पृथ्वीवरचा सर्वांत थोर फिरकी गोलंदाज आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आमचे बाबा शाळेत मास्तर. त्यांचा देव म्हणजे डावखुरा. तो बोटांनी वळवायचा, दिवसभर एका टप्प्यावर टाकायचा, आणि वर फलंदाजीही करायचा. हैदराबादचा तिसरा एक होता. तो चांगला आहे यावर दोघांचं एकमत होतं, म्हणून त्याच्याबद्दल आमच्या ओसरीवर कधी कोणी बोललं नाही.

या थोर माणसांची नावं घ्यायची नाहीत असा दोघांचा नियम होता. नावापुढे 'राव' लावावं तर सलगी वाटते, न लावावं तर उद्धटपणा, अशी बाबांची अडचण होती. दादारावांचं म्हणणं वेगळं. "नाव घेतलं का मानूस देव होऊन जाते. मंग वाद कसा करावं?" आई आतून म्हणायची, "मी मास्तरचं नाव घेत नाई, अन् हे दोघं त्या गोलंदाजाईचं घेत नाईत. कोनाचा संसार कोनासंग चालू आहे, काही समजत नाई."

बाजाराच्या दिवशी दादारावांना पाहिलं की संत्री विकणाऱ्या बाया टोपलीवर पदर टाकायच्या. ते एक संत्रं उचलत, बोटं पसरून धरत, मनगटाला झटका देत आणि पोत्यावर सोडत. संत्रं पडून बाजूला वळलं की मान डोलवत. मग दुसरं उचलत. तळेगावची संत्री जास्त वळतात, कारण त्यांची साल घट्ट असते, असा त्यांचा शोध होता. गंगाबाई नावाची एक फटकळ बाई होती. ती म्हणायची, "भाऊ, घ्याचं असन त घ्या. माया संत्र्याईले चक्कर येऊन राह्यली." दादाराव संत्रं परत ठेवायचे. विकत घेतलेलं मी पाहिलं नाही.

माणसंही ते याच मापाने मोजत. शाळेचे नवे हेडमास्तर "सरळ येते, वळत नाई." तहसीलीतले कारकून "दिसते वळल्यावानी, पन वळत नाई." मला पाहायला हिंगणघाटचं एक स्थळ आलं होतं. मुलगा ओसरीवर बसला होता, चहा यायचा होता, आणि दादाराव, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्याला विचारत होते, "डावखुरा का मुंबईवाला?" मुलगा म्हणाला, "मला हॉकी आवडते." दादाराव उठले आणि आत येऊन आईला म्हणाले, "वहिनी, चहात साखर कमी टाका." त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही. दादाराव त्याचं श्रेय घेत. मी ते त्यांना दिलं नाही आणि त्यांच्याकडून काढूनही घेतलं नाही.

सामन्याचं धावतं वर्णन ऐकायला दोघं वाचनालयात जात. रेडिओ तिथेच होता आणि तो इंग्रजीत बोलायचा. दादारावांना इंग्रजी येत नव्हतं. बाबा त्यांना मराठी करून सांगत. बाबा खोटं बोलणारे नव्हते, पण डावखुरा गोलंदाजीला आला की त्यांचं मराठी बहरायचं. "वा, काय संयम! जणू एखादा ऋषी एका आसनावर बसला आहे." मुंबईवाला आला की ते म्हणत, "टाकला. खेळला."

"मास्तर," दादाराव म्हणत, "तो आतमंधी इतका वेळ बोलून राह्यला, अन् तुमी दोनच शब्द सांगतले. बाकीचे कुठं गेले?"

"बाकीची विशेषणं होती."

"मंग ते सांगा ना. विशेषनंच त पाह्यजे मले."

एकदा नागपूरला सामना होता. दोन्ही गोलंदाज त्यात खेळणार होते. आयुष्यातली ही संधी होती. आईने दशम्या बांधून दिल्या. पहाटेच्या छोट्या गाडीने दोघं पुलगावला गेले. तिथे गाडी बदलायची, नागपूरची मोठी गाडी धरायची. गाडीला वेळ होता. दादारावांनी पिशवीतून संत्रं काढलं आणि मुंबईवाल्याची गुगली फलाटावर टाकून दाखवली. बाबा म्हणाले, ही वळली नाही, फलाटालाच उतार आहे. मग फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उलट बाजूने टाकून पाहणं आलं. संत्रं घरंगळत गेलं, त्याच्यामागे हे दोघं गेले. मोठी गाडी आली, थांबली आणि निघून गेली. पुढच्या गाडीने नागपूरला पोहोचले तेव्हा लोक मैदानातून बाहेर पडत होते. दोन्ही गोलंदाजांची गोलंदाजी होऊन गेली होती. कोणाचा चेंडू जास्त वळला, हे त्यांनी फाटकाशी उभं राहून लोकांना विचारलं. निम्मे एक सांगत, निम्मे दुसरं. दोघं अतिशय समाधानाने परत आले. आईने विचारलं, "पाह्यला का सामना?" बाबा म्हणाले, "पाहण्यासारखं विशेष काही नव्हतं." दादाराव म्हणाले, "उतार होता, हे मी अजून मानत नाई."

जिनिंगच्या मागे त्यांची एक खोली होती. बायको लग्नानंतर लवकरच वारली होती. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. या विषयावर ते कधी बोलले नाहीत, आणि बाबांनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी भोंगा झाला की ते थेट आमच्या ओसरीवर यायचे आणि चपला काढायच्या आधीच वाद सुरू करायचे. जेवायची वेळ झाली की आई मुद्दाम भांडी वाजवायची. तेव्हा ते उठायचे. कधी कधी आई भांडी वाजवायची नाही. तेव्हा ते जेवून जायचे.

बाबांच्या तेराव्यापर्यंत ते आले नाहीत. आई म्हणाली, "आता कायले येतीन? भांडाले मानूस नाई राह्यला." चौदाव्या दिवशी भोंगा झाला आणि ते आले. ओसरीवर बसले. चपला पायातच होत्या. आईने चहा दिला. शेवटी मीच, काहीतरी बोलावं म्हणून, सकाळी पेपरात वाचलेलं सांगितलं. मुंबईवाल्याने बरेच बळी घेतले होते. त्यांना बरं वाटेल असा माझा हिशेब होता.

"घेतले असन," दादाराव म्हणाले. "पन डावखुऱ्याचा संयम पाह्य, पोरी. दिवसभर एका टप्प्यावर. काही मांगत नाई, काही नाई. ऋषी बसते ना एका आसनावर, तसा."

मी आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला.

ते बोलतच राहिले. बाबांचे सगळे मुद्दे त्यांना पाठ होते. बाबा कुठे थांबत, कुठे घसा खाकरत, तेही. मुंबईवाला महागात पडतो, असं बाबा म्हणायचे आणि दादाराव त्यावर उसळायचे. आता तेही त्यांनी शांतपणे सांगितलं. मला वाटलं, आमच्या दुःखाची मर्जी राखण्यासाठी एका संध्याकाळचा हा शिष्टाचार असेल. पण जिनिंगमध्ये काट्यावरही त्यांनी हेच चालू केलं. आजवर 'मुंबईवाला' म्हणून सुटणारे गाडीवान गोंधळून गेले. बाजारात मी भाजी घेत होते तेव्हा गंगाबाईने त्यांना हटकलं.

"काऊन भाऊ, पार्टी बदलली म्हने तुमी? इतके वर्ष माये संत्रे नासवले, अन् आता म्हनता तो दुसराच मोठा?"

दादाराव हातातल्या संत्र्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर नाई ना आता. त्याईची बाजू कोन घेईन?"

गंगाबाईने टोपली त्यांच्यापुढे सरकवली.

त्या संध्याकाळी ते आले तेव्हा मी पुस्तक वाचत होते. ते डावखुऱ्याबद्दल सांगत होते आणि मी "हो काका," "खरं आहे काका," म्हणत होते. मध्येच ते थांबले.

"हो हो काय करून राह्यली? काही बोल ना उलटं. एकट्यानं वाद होते का?"

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "काका, तुमच्या डावखुऱ्याचा चेंडू वळतच नाही म्हणतात."

"कोन म्हनते?" दादाराव म्हणाले आणि चपला काढून नीट मांडी घालून बसले.

आता ते रोज येतात. मुंबईवाल्याच्या बाजूने मी बोलते. मला क्रिकेट कळत नाही. मी रोज हरते.