विभागाधिपतींचे टॉवेलाची हकिगत

श्रीखुर्ची समर्थ. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, एका विद्यापीठाचे मुलुखी जे वर्तमान जाहले ते ऐसे. त्या मुलुखी मानवशास्त्र नामे लहानशी जहागीर, आणि तिचे अधिपती विश्वंभरपंत हर्डीकर यांणी उभी हयात रानोमाळ हिंडोन, कोणे जमातीत कोण कोठे बसतो, कोण कशास शिवत नाही, याचा शोध करोन बहुत कीर्ति मेळविली होती. तेथे पदवीचे शेवटले वर्षी केतकी बिडवे नामे कन्या होती. तिचे चुलते म्हणत, "माणसं बघायला कॉलेज कशाला गं? आपल्याकडच्या लग्नांना येत जा." आणि तीर्थरूपांनी निर्वाणीचे सांगितले, "यंदा नापास झालीस तर हे बंद. गपगुमान बँकेच्या परीक्षेचा क्लास."

मग प्रकल्पाची वेळ आली आणि सर्व मुले दूरच्या पाड्यावर स्वारीस निघाली, आणि केतकीबाई तापाने मागे राहिल्या, आणि मग विभागातच बसोन दिसेल ते लिहू लागल्या. दिसले ते ऐसे की, अधिपतींचे खुर्चीवर पांढरा टॉवेल असे, आणि अधिपती परगावी गेले तरी टॉवेल राज्य करी. शिपाई तो बदली तेव्हा वहाणा काढी. पंखा नेमका त्या खुर्चीवर, तरी प्राध्यापक घामाघूम होऊन भिंतीशी उभे राहात, आणि रजेचे अर्ज टॉवेलासमोर ठेवोन, मान लववोन जात. बाईंनी प्रबंधास नाव दिधले "एका जमातीतील पवित्र वस्त्र", आणि अधिपतींनी न वाचताच विषयास मान्यता दिधली.

मग तोंडी परीक्षेस परमुलुखातोन सुलोचना काळसेकर नामे परीक्षकबाई आल्या, आणि अधिपतींनी प्रबंध प्रथमच उघडिला, आणि मर्जी खप्पा जाहली. बोलिले, "कसलं पवित्र नि कसलं काय! साधा टॉवेल आहे हो तो, घाम पुसायचा! नापास करा हिला."

केतकीबाईंचे डोळ्यांपुढे क्लासचा फळा उभा राहिला.

परीक्षकबाई बोलिल्या, "साधाच ना, सर? मग द्या जरा इकडे. चहा सांडलाय माझा."

धाकटे प्राध्यापक छताकडे पाहो लागले, आणि शिपायाचा हात पुढे होऊन अर्ध्यात थिजला, आणि चहा वाहात वाहात मेजाचे कडेस आला, आणि मग खासे विश्वंभरपंत उठोन आपले कोटाचे बाहीने मेज पुसते जाहले. परीक्षकबाईंनी लेखणी उचलोन प्रथम वर्ग मांडिला.

तात्पर्य, केतकीबाई उत्तीर्ण जाहल्या, क्लास टळला. पुढे विभागात ठराव जाहला की, विद्यार्थ्यांनी विद्यापीठापासोन वीस कोसांचे आत माणसे पाहू नयेत. ते दिवशी अधिपती रजेवर होते. सबब ठराव टॉवेलासमोर ठेविला, आणि तो मंजूर जाहला. इतके वर्तमान.