गिटारची कॉलर

सकाळी नऊ वाजता टेबलावर चार प्रीअँप, दोन बॅटऱ्या, पातळ पात्याची एक करवत आणि ताईची गिटार होती. संगीत विद्यालयात गिटार शिकवायची जागा एक होती, उमेदवार अकरा, आणि ताईची चाचणी दुपारी चारला. तारांचा बारीक आवाज स्पीकरपर्यंत नेण्याइतका मोठा करणारी गिटारमधली डबी, म्हणजे जुना प्रीअँप, आदल्या दिवशीच मान टाकून बसली होती.

"विद्यालयाचा हॉल मी पाहिलाय, चारशे खुर्च्या!" मी म्हणाले. "पण घाबरू नकोस. बारापर्यंत अगदी निःपक्षपातीपणे निवडलेला प्रीअँप तुझ्या गिटारमध्ये असेल!"

"निःपक्षपाती नको गं, वाजणारा हवाय!"

भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यापासून असलं ऐकायची मला सवय आहे. वाद्यांच्या दुकानदाराने चारही प्रीअँप पारखायला दिले होते. पण किंमत कळली की कान बिघडतात! म्हणून कोणता कुठला, हे ताईलाही कळू द्यायचं नव्हतं आणि मलाही. आमचे बाबा शिंपी. पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. कपडे घालून बघायच्या पडद्यामागे मी बाबांनाच बसवलं. ते आतून एकेक प्रीअँप गिटारच्या वायरीला जोडणार, फक्त क, ख, ग किंवा घ असं ओरडणार, ताई वाजवणार, मी गुण लिहिणार. गिटारच्या कडेचं जुनं भोक लहान होतं, ते वाढवावं लागणार होतं. मी मापं घेतली असती तर आकारावरून ओळखलं असतं, म्हणून चारही भोकांचे कागदी नमुने बाबांनाच कापून ठेवायला सांगितले.

प्रत्येकाच्या बारा फेऱ्या, एकूण अठ्ठेचाळीस. एकविसाव्या फेरीला एक गृहस्थ नवी पँट घालून बघायला आले.

"आत कोणी आहे का?" त्यांनी पडद्याला विचारलं.

"ग!" पडद्यामागून बाबा ओरडले.

गृहस्थ पँट छातीशी धरून पाऊण तास भिंतीला चिकटून उभे राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "मला विचाराल तर ख."

"तुम्हाला कोणी विचारलं नाही!" मी ओरडले. पण एक वाजून दहा मिनिटांनी ख च जिंकला.

बाबांनी ख चा कागद दिला. गिटारला चिकटवून मी कापायला लागले. ताई हाताची बोटं चावत समोर बसली होती.

"माझं पोट कापतायत असं वाटतंय गं."

"बोलू नकोस, हात हलतो!"

दोन वाजून पाच मिनिटांनी लाकडाचा शेवटचा तुकडा पडला. मी प्रीअँप भोकात बसवायला गेले. तो बसला नाही. टण! तो थेट गिटारच्या पोटात गेला आणि तिथे खुळखुळ्यासारखा वाजू लागला.

"बाबा! हे माप कुठून घेतलंत?"

"डबीवरूनच. वर चारही बाजूंनी दीड सेंटीमीटर माया सोडलीय, शिलाईला."

"शिलाईला? बाबा, हे लाकूड आहे!"

"मला काय माहीत? कागद कापून ठेवा म्हणालीस. चाळीस वर्षं मी माया सोडल्याशिवाय कागद कापलेला नाही. आणि जास्त झालं तर बिघडलं काय? आत दुमडायचं!"

ताई रडली नाही. तिने गिटार उचलून एकदा हलवली आणि खुळखुळा ऐकला. ते जास्त वाईट होतं.

"तीन वर्षं मी या जागेची वाट बघतेय," ती हळूच म्हणाली.

माझ्याकडे कोष्टक होतं, आलेख होता, उपाय नव्हता. उठले ते बाबा. गिटार उलटी करून, हलवून हलवून आम्ही प्रीअँप बाहेर काढला. मग त्यांनी कॉलरमध्ये घालायचं कडक कापड चौपदरी शिवलं, मध्ये डबीच्या मापाची खाच पाडली आणि डिंकाने ते भोकावर चिकटवलं. प्रीअँप त्या खाचेत बसवला.

"माया सोडली नाहीत ना?" मी विचारलं.

"गप्प बस, शास्त्रज्ञ!" ताई आणि बाबा एकदम म्हणाले.

तीन पन्नासला आम्ही विद्यालयात पोचलो. डिंक अजून ओला होता. ताईने तळहाताने कॉलर दाबून धरली, आजारी मूल घेतल्यासारखी गिटार उचलली आणि आत गेली. बाहेरच्या बाकावर मी घड्याळ बघत बसले. सहा मिनिटं. अकरा. सतरा. अठराव्या मिनिटाला दार उघडलं.

"काय झालं?"

"सोमवारपासून या म्हणाले."

मी किंचाळले. मग श्वास घेऊन विचारलं, "आणि प्रीअँप? शेवटच्या रांगेपर्यंत गेला आवाज?"

"जोडलाच नाही. राहू द्या म्हणाले, ऐकू येतंय."

बाबांची मोजायची टेप गडबडीत माझ्याच गळ्यात राहिली होती. मी आत गेले. हॉल नव्हता, वर्ग होता. शिपाई खुर्च्या उचलायला आला होता, त्याला थांबवलं. वाजवणाऱ्याच्या खुर्चीपासून परीक्षकांच्या टेबलापर्यंत टेप लावली.

एक मीटर ऐंशी सेंटीमीटर.