ग्राउंडची पुस्तकं

काळाचौकीच्या मंडळाच्या अभ्यासिकेत पुस्तक घ्यायचं म्हणजे ते रमाकांत परुळेकरांनीच निवडायचं, हे इतकं ठरलेलं होतं की मंडळाच्या घटनेत ते लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती. अध्यक्ष बदलले, खजिनदार बदलले, एका वर्षी तर मूर्तिकार बदलला. पुस्तक निवड समिती बदलली नाही. समितीत परुळेकर एकटेच होते. सभा भरायची झाली की ते स्वतःपुरता चहा मागवायचे आणि ठराव एकमताने मंजूर करायचे.

महापालिकेच्या रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. पुस्तक निवडायला ते वाचावं लागत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. हातात घ्यावं, वजन बघावं, शेवटी उत्तरं दिलीत का ते बघावं, बस्स. आजवर आपलं एक पुस्तक चुकलेलं नाही, हे ते कुणी विचारलं नसतानाही सांगत. त्यांच्या पुस्तकांवर गल्लीतून तीन फौजदार, एक तलाठी आणि सोळा कॉन्स्टेबल निघाले होते. जे निघाले नव्हते त्यांनी पुस्तकं नीट वाचली नव्हती. घरी त्यांची बायको सीमा हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकून घेई आणि भाजी मात्र स्वतःच निवडे.

अशात समोरच्या खोलीतल्या बेबीची मुलगी ऋग्वेदा हिने आपण पायलट होणार असं जाहीर केलं.

बेबी परळच्या एका इस्पितळात आया. नवरा नाही. मुलगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, दिवसभर एका लॅबमध्ये नोकरी करणारी. एका ट्रस्टने तिला विमान चालवायचं शिक्षण द्यायचं कबूल केलं होतं, पण अट होती. येत्या परीक्षेत निदान दोन पेपर सुटले पाहिजेत. सुटले नाहीत तर जागा पुढच्या नावाला. शिवाय त्याआधी ट्रस्टचे एक कॅप्टन येऊन तयारी बघून जाणार होते. क्लास लावणं शक्य नव्हतं. तिची सगळी मदार अभ्यासिकेवर, म्हणजे परुळेकरांवर होती.

ती यादी घेऊनच आली. परुळेकर गॅलरीत पेपर वाचत होते.

"काका, पायलटला आधी ग्राउंड क्लिअर करावं लागतं. त्याशिवाय विमानाला हात लावू देत नाहीत. ग्राउंडची एवढी पुस्तकं मागवा, बाकीचं मी बघते."

परुळेकरांनी चष्म्यावरून कागदाकडे बघितलं. "यादी तुझ्याकडेच ठेव, पोरी. याद्या मी करतो, घेत नाही. ग्राउंड ना? झालं समज."

आता हा शब्द. काळाचौकी-लालबागच्या कुठल्याही पोराला विचारा, ग्राउंड म्हणजे पोलिस भरतीची मैदानी चाचणी. धावायचं, गोळा फेकायचा, छाती मोजून घ्यायची. 'ग्राउंड निघालं' म्हणजे अर्धी वर्दी अंगावर चढली. परुळेकरांना यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. उलट सरकारबद्दलचा त्यांचा आदर वाढला. शे-दोनशे माणसं घेऊन उडायचं तर अंगात रग हवीच. शिवाय विमानतळावर जी असते तिला धावपट्टी म्हणतात, हे त्यांना आठवलं आणि उरलीसुरली शंकाही फिटली.

दुसऱ्याच दिवशी ते दादरला हितेंद्रच्या दुकानात गेले. हितेंद्र जुना पुस्तकविक्रेता, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून परीक्षा ओळखणारा. पायलटची पुस्तकं आपल्याकडे नसतात पण आठवड्यात मागवून देता येतील, असं तो दोनदा म्हणाला. परुळेकरांनी त्याला दोनदा समजावलं की ते नंतर, आधी ग्राउंड. हितेंद्रने भरतीचं कपाट उघडलं. धावण्यावर सहा, गोळाफेकीवर चार, श्वासावर दोन, आहारावर एक, ज्यात पान तेरापासून शेवटपर्यंत केळी होती. परुळेकरांनी एकेक हातात घेऊन वजन बघितलं. सगळी चांगली जड होती.

गठ्ठे अभ्यासिकेत आले आणि तसेच राहिले, कारण मंडळाची रीत अशी की पाहुण्याच्या हस्ते नारळ फुटल्याशिवाय गठ्ठ्याची सुतळी सोडायची नाही. उद्घाटनाला ट्रस्टच्या कॅप्टननाच बोलवावं, म्हणजे एका फेरीत तयारीही बघून होईल, ही कल्पना परुळेकरांचीच. मग ऋग्वेदा पुस्तकांचं विचारायला आली की ते गठ्ठ्यांकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, आलीत, बांधलीत, धीर धर.

धीर धरायच्या काळात तिचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी मयूरला सांगितलं. मयूर म्हणजे परळच्या मैदानावर पोरांना भरतीसाठी पळवणारा हवालदार. आजवर त्याने पायलट पळवला नव्हता, त्यामुळे त्याला अभिमान वाटला. ऋग्वेदाला वाटलं, डॉक्टरी तपासणीसाठी असेल. काका एवढं करतायत तर नाही कशाला म्हणा. तीन आठवडे ती रोज सकाळी पळाली आणि नंतर लॅबमध्ये जाऊन डुलक्या काढत राहिली. चौथ्या आठवड्यात मयूरने तिला सरावासाठी लोखंडी गोळा घरी दिला. तो गोळा बघून बेबी तडक परुळेकरांच्या दारात उभी राहिली.

"भावजी, माझ्या चेडवाक इमान चालवूचा आसा की कोणाच्या टकल्यात घालूचा आसा?"

परुळेकर हसले. आईची माया, म्हणाले. प्रत्येक फौजदाराची आई आधी असंच बोलली होती.

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. कपाटावर 'वैमानिक विभाग' अशी पाटी, पाटीला झेंडूचा हार. कॅप्टन अभय पंचेचाळिशीचे, अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत वाढलेले, त्यामुळे खुर्ची कमी पडल्यावर आपण होऊन उभे राहणारे. परुळेकरांनी भाषण केलं. निवड कशी करावी लागते, त्याला कशी नजर लागते, यावर ते बराच वेळ बोलले. नारळ फुटला. सुतळी कापली. कॅप्टननी वरचं पुस्तक उचललं.

मुखपृष्ठावर एक धिप्पाड गृहस्थ मानेशी गोळा धरून उभा होता.

कॅप्टननी ते उघडलं. दोन पानं मन लावून वाचली. बंद करून जागेवर ठेवलं. दुसरं उचललं, ते केळ्यांचं होतं. अभ्यासिकेतली पोरं टाळ्या वाजवायची खूण कधी होते याची वाट बघत होती.

"छान," कॅप्टन म्हणाले. "ग्राउंडची कुठायत?"

"ही काय," परुळेकर म्हणाले.

ऋग्वेदा पुढे झाली. तिने गठ्ठ्याच्या पाठीवरची नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग वळून चटकन म्हणाली, "सर, काकांचं म्हणणं आधी स्टॅमिना करू. विषयांची पुस्तकं मागवलीत, येतील आता."

"कधी येतील? पेपर आठ आठवड्यांवर आलेत." कॅप्टननी परुळेकरांकडे बघितलं. "कुठली मागवलीत?"

या प्रश्नाला परुळेकरांकडे चौतीस वर्षं जुनं उत्तर तयार होतं. 'कार्यवाही चालू आहे.' या तीन शब्दांनी त्यांनी नगरसेवक परतवले होते, वकील परतवले होते. ते शब्द जिभेवर आलेही. पण त्यांची नजर ऋग्वेदाच्या हाताकडे गेली. ती अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत होती. आठवडे मोजत होती. त्यांच्यासाठी खोटं बोलून झाल्यावर आता ती आपले आठवडे मोजत होती.

"मागवली नाहीत," परुळेकर म्हणाले. "ही यादी घेऊन आली होती. मी घेतली नाही. मला वाटलं, ग्राउंड म्हणजे ग्राउंड."

घोळ नेमका काय झालाय ते सगळ्यात उशिरा मयूरला कळलं.

"म्हणजे सर, पायलटला पळावं लागत नाही?"

"नाही," कॅप्टन म्हणाले. "पळतात ते प्रवासी."

मग त्यांनी खुर्ची घेतली आणि समजावून सांगितलं. ग्राउंड म्हणजे जमिनीवर बसून करायचा अभ्यास. दिशा कशी काढायची, हवामान कसं वाचायचं, आकाशातले नियम काय. मंडळाची पुस्तक खरेदी वर्षातून एकदा, ती झालेली. कॅप्टन म्हणाले, माझी जुनी पुस्तकं आईकडे माळ्यावर आहेत, ती देतो. पण नियमांचं पुस्तक फार जुनं आहे, त्यात पुष्कळ बदल झालेत. जुने नियम पाठ करून बसलीस तर नापास होशील.

"बदलांची शुद्धिपत्रकं निघतात ना?" परुळेकरांनी विचारलं.

कॅप्टन जरा चमकले. निघतात म्हणाले, वेबसाइटवर असतात, पण तुकड्या-तुकड्यांत. सगळी जुळवून कोण बसणार?

परुळेकर त्या रात्रीही नीट झोपले, कारण निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना त्यांच्या लायकीचं काम मिळालं होतं. रेकॉर्ड विभागात त्यांनी दुसरं केलं काय होतं? नियमाचं पुस्तक उघडायचं, जुन्या ओळीवर नव्या ओळीची चिठ्ठी डकवायची. दिवसभर ते मंडळाच्या प्रिंटरवर कागद काढत, कात्रीने कापत, डिंक लावत. संध्याकाळी ऋग्वेदा आली की दोघं मिळून ताडून बघत. अडचण एकच होती. चिठ्ठी कुठल्या ओळीवर डकवायची हे कळायला ती ओळ वाचावी लागे, आणि ती ओळ समजायला आधीचं पान. असं मागे मागे जाता जाता परुळेकर पान एकवर पोचले आणि तिथून त्यांनी अख्खं पुस्तक वाचलं.

त्यांना कळलं की आकाशातही कुणी कुणाला वाट द्यायची ते ठरलेलं असतं. इंजिनवाल्या विमानाने बिनइंजिनाच्या ग्लायडरला आणि ग्लायडरने फुग्याला वाट द्यायची. ज्याला स्वतःला वळता येत नाही, त्याला आधी जाऊ द्यायचं. हे वाक्य त्यांनी सीमाला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

त्याच दिवसांत खालच्या मजल्यावरचा राहुल जिन्यात भेटला. पार्सलं पोचवतो तो. हसून बाजूला झाला, काकांना वाट दिली. परुळेकर दोन पायऱ्या चढून थांबले. हा पोरगा पूर्वी एकदा पुस्तक मागायला आला होता. आपण त्याला फौजदाराचं दिलं होतं, चांगलं जाडजूड. त्याने मागितलं कुठलं होतं ते काही केल्या आठवेना. विसरलो असतो तर आठवलं असतं. ऐकलंच नव्हतं.

पेपर झाले. निकाल ऋग्वेदाने लॅबमधूनच फोनवर सांगितला. पासाला सत्तर लागतात. नियम एक्याण्णव, दिशादर्शन चौऱ्याहत्तर, हवामान त्रेसष्ट. हवामान गेलं, पण दोन सुटले होते. अट पुरी झाली होती. बेबीने दोन्ही हातांनी परुळेकरांना नमस्कार केला आणि मग त्याच हातांनी त्यांच्या टेबलावरचा डिंकाचा डाग घासून काढला.

पुढच्या रविवारी ऋग्वेदा आली तेव्हा परुळेकर गॅलरीत कागद-पेन घेऊनच बसले होते. "बोल. सावकाश बोल."

"हवामान परत. आणि आता आरटीआर आहे काका. तो भयंकर अवघड असतो म्हणतात."

परुळेकरांच्या चेहऱ्यावर जुनं हसू उमटायला लागलं. त्यात अवघड काय, खात्यात रोज दहा अर्ज यायचे, तीस दिवसांत उत्तर द्यायचं, असं काहीतरी ते बोलणार होते. पण पेन मधेच थांबलं.

"हे आरटीआर," त्यांनी विचारलं, "म्हणजे माहितीचा अधिकार का?"

"नाही काका, तो आरटीआय. ही रेडिओची परीक्षा. विमानातून खाली कसं बोलायचं त्याची."

"बोलायची परीक्षा?"

"बोलायची थोडी, ऐकायची जास्त. समोरचा जे सांगेल ते नीट ऐकायचं आणि बरोबर ऐकलं हे कळावं म्हणून त्याला तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. मगच पुढे."

परुळेकरांनी सगळं लिहून घेतलं. आतून भाजी निवडायचा आवाज बंद झाला होता. सीमा दाराशी येऊन उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "त्या परीक्षेच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक घरी लागेल."