मूळव्याध, आत या!

कर्जतमध्ये पंचवीस वर्षं माझं हार्डवेअरचं दुकान आहे. चार माणसं शेठ म्हणून हाक मारतात. पण भिसेगावातल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात माझा नंबर आला, की हिराताई पडद्यातून डोकं बाहेर काढतात आणि ओरडतात, "मूळव्याध, आत या!"

पहिल्यांदा ही हाक ऐकली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, कोण बिचारा? मागे भिंत होती.

हिराताई कडावहून येतात. नंबर लावणं, पुड्या बांधणं, लॅबमधून रिपोर्ट आणणं, सुई टोचताना पोरांचे पाय धरणं, ही सगळी खाती गेली एकोणीस वर्षं त्यांच्याकडेच आहेत. पेशंटचं नाव वहीत लिहितात तेवढंच. तोंडाने घेतात तो रोग. "दमा, सरका जरा, गुडघ्याला बसू द्या." "खाज, हात खिशात ठेव रं!" बाकावर बसलेल्या माणसांची अब्रू त्या अशी सकाळी नऊपासून वाटत असतात.

दवाखान्यापुरतं असतं तरी चाललं असतं. मुलीला बघायला पाहुणे आले होते. त्यांना स्टेशनावरून घेऊन मी बाजारातून चाललो होतो, तेवढ्यात भाजीवालीकडून आवाज आला, "ओ मूळव्याध! वांगी घेऊ नका हां, तुमाला चालत नाय!" होणाऱ्या व्याह्यांनी आधी वांग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लग्न जमलं, ही मुलीची पुण्याई. पुढे साखरपुड्यात व्याह्यांनी मला बाजूला घेऊन हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं मी सोसलं. एक मात्र मला कधी सोसलं नाही. माझ्या बायकोला, कमलला, त्या 'अंगदुखी' म्हणायच्या. कमलला कॅन्सर होता. मोठे उपचार मुंबईला, मधल्या दिवसांत सलाईन लावायला आम्ही इथे यायचो. आणि ही बाई खुशाल ओरडायची, "अंगदुखी, चला!" एवढ्या दुखण्याला अंगदुखी? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कमल मात्र हसायची. नझीरचाचांनी, म्हणजे 'दम्या'ने, एकदा तिला निर्गुडीच्या तेलाची बाटली आणून दिली. "चार दिवस चोळा, पळायला लागाल," म्हणाले. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत ती हसत होती. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

तर यंदा एका सोमवारी मी दवाखान्यात गेलो आणि धक्काच बसला. हिराताईंनी राजीनामा दिला होता. औषध कंपनीच्या फुकट पॅडवर, पाठकोऱ्या बाजूला, दोन ओळींत.

झालं होतं असं. खालापूरकडे हायवेला एक नवं काचेचं हॉस्पिटल उभं राहिलं आहे. त्यांचा एक माणूस आमच्या बाकावर अर्धा तास बसून गेला होता. कोणाचा रोग कोणता, गोळी कोणती, मागचा डोस कधी, हे या बाईला न बघता पाठ आहे हे पाहून तो थक्कच झाला. तिकडून लगेच बोलावणं आलं. पगार दुपटीहून जास्त, न्यायला-आणायला बस, रविवारी सुट्टी आणि चाकांची खुर्ची.

डॉक्टर हादरले. संध्याकाळच्या आत त्यांनी उलट ऑफर दिली. पगार हॉस्पिटलएवढाच, खुर्चीसुद्धा देतो. एकच अट, पेशंटला नावाने हाक मारायची. फार तक्रारी येतात म्हणाले. त्यासाठी त्यांनी भिंतीवर एक टीव्हीही लावून टाकला. त्यावर नंबर आणि नाव झळकणार, ओरडायचं कामच नाही. शनिवारपर्यंत विचार करून सांगा म्हणाले.

हिराताईंनी तो विचार आमच्यावर सोपवला. नंबरवारीने एकेकाला विचारायला लागल्या, तेही डॉक्टर पडद्याआड असताना.

"जाव बाई," नझीरचाचा म्हणाले. "चाकाची खुर्ची हाय. बसल्या बसल्या फिराल."

"तू गेलीस तर मला त्या पायऱ्यांवरनं कोन धरंल गं?" कोंडाण्याची म्हातारी 'गुडघा' रडकुंडीला आली.

'खाज' खोपोलीला कंपनीत आहे, त्यामुळे शिकवायला लागला. "मावशी, काउंटर ऑफर कधी घ्यायची नसते. आता गोड बोलतात, सहा महिन्यांत दुसरा माणूस बघून काढून टाकतात. आमच्याकडे दोघांना काढलं."

"मला काढनार? माज्याबिगर ह्यो दवाखाना सहा दिस तरी चालतो का बघ," हिराताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मूळव्याध, तुमचं काय?"

"ताबडतोब जा," मी म्हटलं. "आजच जा." मी इतक्या जोरात बोललो, की आतून डॉक्टरांच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला.

शनिवारी दुपारी माझा नंबर शेवटचा होता. दोन-तीन महिन्यांत पट्ट्याला दोन भोकं नवी पाडावी लागली होती, म्हणून डॉक्टरांनी काही तपासण्या सांगितल्या होत्या. त्यांची चिठ्ठी घ्यायची होती. दवाखाना रिकामा झाला. बाहेर बाकावर मी एकटाच होतो. हिराताई आत गेल्या आणि पडद्यामागून त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"हास्पिटलला नाय म्हनून सांगितलं. पगार हाय तोच ठेवा. पन नावं मी घेनार नाय. तो टीव्ही काढा."

मी बाकावर ताठ झालो. दुप्पट पगार सोडते, आणि कशासाठी? लोकांचे रोग चव्हाट्यावर मांडायला? अशी बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

"अहो पण का?" डॉक्टरांचा आवाज अगदी कळवळला.

"आमच्या ह्यांना मुंबईला न्यायची. तितं असाच टीव्ही हुता. नाव यायचं, पुढं वार्ड यायचा. सगळी मान्सं वळून बघायची. कोनी नुसतं च्च च्च करायचं, कोन बाई डोळं पुसायची. हे मग मान खाली घालून जायचे. रोज. मानूस रोगानं गेला डॉक्टर, पन आधी त्या बघन्यानं गेला. हितं मी खाज म्हनते, मूळव्याध म्हनते. लोक हसत्यात, मी बी हसते. त्यातच ज्याचं मोठं हाय त्याला मी बारकं कायतरी म्हनते. त्यो बी हसन्यात बसतो. शेठची बायको दोन वर्सं माझी अंगदुखी हुती. तिला ठाव हुतं. एकदा माझा हात धरून म्हनाली, 'ताई, हितं आले की मी बरी असते.'"

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. ज्या हाकेसाठी मी इतकी वर्षं या बाईचा राग केला, ती माझ्या कमलला हवीहवीशी होती, आणि ते तिने मला सांगितलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. पडदा सरकला. हिराताईंनी मला पाहिलं, क्षणभर गडबडल्या, आणि मग नेहमीसारख्या ओरडल्या, "मूळव्याध, बसलाय काय, या की!"

डॉक्टरांनी पगार वाढवलाच. टीव्ही काढला नाही. त्यावर आता कुस्त्या लागतात.

पुढच्या शनिवारी मी रिपोर्टसाठी गेलो. रिपोर्ट लॅबमधून हिराताई आणतात आणि डॉक्टरांच्या आधी त्याच वाचतात. बाक भरलेला होता. दोन मल्ल एकमेकांना धरून होते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. हिराताईंनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. माझ्याकडे पाहिलं. रोजच्यापेक्षा जरा जास्तच मोठ्याने ओरडल्या,

"सर्दी, आत या!"

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मला सर्दी झाली नव्हती. आजूबाजूला पाहिलं तर कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. गुडघा पाय चोळत होती, खाज कुस्तीत रमला होता. मी उठलो आणि त्या सगळ्यांमधून मान वर ठेवून आत गेलो.

पंधरा मिनिटांनी बाहेर आलो, तेव्हा डोळ्यांना धार लागली होती, नाक वाहत होतं, आवरता आवरत नव्हतं. हिराताईंनी हातात एक धुतलेला रुमाल दिला. नझीरचाचांनी सरकून मला जागा केली.

"लईच झालीय की हो सर्दी," ते म्हणाले. "सुंठ घ्या. चार दिवसांत मोकळे व्हाल."

"घेतो," मी म्हटलं, आणि नाक पुसून कुस्ती बघायला लागलो.