गळक्या वाटीचे अण्णा

आमच्या शेजारच्या बळवंतअण्णांच्या घरात भात कुकरच्या शिट्ट्यांवर शिजत नाही, वाटी बुडण्यावर शिजतो. स्वयंपाकघरात पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, आणि वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाणी हळूहळू आत चढतं, वाटी भरते आणि डुबुक करून तळाला जाते. ती बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. मग भात उतरवायचा. भात कधी गचगचीत होतो, कधी टचटचीत राहतो. अण्णा म्हणतात, "वेळ बरोबर हाय, तांदूळ चुकीचा हाय."

भिंतीवर घड्याळ आहे, पण बंद. मी एकदा म्हटलं, "अण्णा, सेल तरी घाला त्यात."

"घड्याळ दावतंय ती वेळ कुणीतरी सांगितलेली, वैनी. वाटीची वेळ मी डोळ्यानं बघितलेली. घड्याळाला पुरावा काय?"

हा 'पुरावा काय' सगळ्या मंगळवार पेठेला पाठ आहे. दूधवाला म्हणाला दूध बिनपाण्याचं, की पुरावा काय? डॉक्टर म्हणाले शुगर आहे, की पुरावा काय? एकदा गल्लीतल्या एकानं सांगितलं, माझ्या सासूबाई वारल्या. अण्णांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मालतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चिमटा काढला म्हणून निभावलं.

सरकारी कचेरीतून रिटायर होईपर्यंत माणूस बरा होता. मग पेठ वडगावला कुणा जोश्यांचं घर पाडायला काढलं, आणि माळ्यावरचा पोथ्यांचा गठ्ठा कचऱ्यात जाणार हे अण्णांच्या कानावर आलं. गेले, तो लाल फडक्यात बांधला आणि एसटीत शेजारच्या सीटवर ठेवला.

कंडक्टर म्हणाला, "पावणं, गठुळं वर टाका."

"गठुळं न्हाय, ग्रहणाचं गणित हाय."

"मग त्याचं तिकीट काढा."

अण्णांनी काढलं. फुल्ल.

त्या गठ्ठ्यात एक पोथी निघाली, तीन-चारशे वर्षांपूर्वी कुणा ज्योतिषानं रचलेल्या गणिताची नक्कल. भविष्य सांगणारा ज्योतिषी नव्हे हो, आकाश मोजणारा. ग्रहण कधी लागणार, कधी सुटणार, याची पानंच्या पानं कोष्टकं. आणि वेळ मोजायची वाटी कशी करावी, तेही. अण्णा पोथी घेऊन तांबटाकडं गेले. तांबटानं भोक पाडून दिलं आणि म्हणाला, "अण्णा, जलमभर गळकी भांडी नीट केली. गळकं भांडं करून द्यायचं पैसं घेताना लाज वाटतीया."

पुढं जयसिंगपूरला भाचीचं लग्न. मुहूर्त वाटीवरच धरायचा म्हणून अण्णा घंगाळासकट हजर. मंगलाष्टकं संपत आली, लोकांच्या मुठीत अक्षता घामेजल्या आणि अण्णा स्टेजवरून ओरडले, "थांबा! वाटी अजून तरंगतीया!" भटजींनी मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून धरली. आचारी येऊन विचारून गेला, जिलबी तळू का नको. वाटी काही बुडेना. शेवटी काकू वाकल्या, अंबाड्यातली पिन काढली आणि वाटीचं भोक मोकळं केलं. अक्षतेचा एक दाणा अडकला होता. वाटी बुडाली तशी काकू आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "बुडली ओऽ!"

ही आरोळी त्यांच्या सरावाची होती. कारण ग्रहण मोजायला माणसं दोन लागतात. गच्चीवर वारं, पाणी हलतं, म्हणून वाटी खाली ठेवायची. चंद्र वर. काकू खाली वाटीपाशी बसायच्या, अण्णा वर मान मोडून उभे. वाटी बुडाली की जिन्यातून "बुडली ओऽ!" आणि वरून "ऐकलं गं!" पोथीतली वेळ चंद्राशी जुळते का, एवढंच बघायचं होतं. पण दर ग्रहणाला ढग. काकू मला म्हणायच्या, "एकदा जुळू दे बाई, मग मी ह्या वाटीतनं सुटले."

त्या न जुळताच सुटल्या.

यंदा अण्णांनी पोथ्या जपणाऱ्या एका संस्थेला सगळा गठ्ठा द्यायचं कबूल केलं. डोळ्यांना आता बारीक अक्षर लागत नाही, आणि घरात वाळवीची भीती. न्यायला माणसं सोमवारी येणार होती. शनिवारी संध्याकाळी चंद्रग्रहण. अण्णा दारात आले. "वैनी, पोथी जायच्या आधी एकदा खरं-खोटं करून घेतो. वाटीपाशी बसशीला? पुन्यांदा काय पोथी हाताशी न्हाय."

मी बसले. सूर्य मावळताना पहिली वाटी सोडली. कोष्टकाप्रमाणं तिसरी वाटी बुडताना चंद्र पुरता मोकळा व्हायचा होता. ग्रहणात काही खाऊ नये म्हणतात, पण अण्णा चहा पिऊनच वर गेले. चहाच्या बाबतीत पोथीत पुरावा नव्हता.

पहिली बुडाली. मी म्हटलं, "झाली, अण्णा!" वरून काही नाही. दुसरीला म्हटलं, "गेली बघा!" तरी गप्प. म्हटलं, म्हाताऱ्याला ऐकू तरी जातंय का? तिसरी वाटी हेलकावली, काठाशी आली, डुबुक. मी जिन्यात जाऊन जोरात आरोळी दिली, "बुडली ओऽ!"

वरून लगेच आवाज आला, "ऐकलं गं!"

जुळलं का नाही, ते काही कळेना. शेवटी गुडघे धरत मीच वर गेले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, चंद्र ताटाएवढा, पुरता मोकळा. अण्णा त्याच्याकडं पाठ करून, जिन्याकडं तोंड करून उभे होते.

"जुळलं का ओ?"

"बघायचंच ऱ्हायलं, वैनी." चष्मा काढून ते सदऱ्याला पुसत होते. "तुम्ही हाक मारली आन् मी खाली बघितलं. मान वर केली तर चंद्र सुटलावता. पण कवा सुटला... "



मी म्हटलं, "वाटी बुडाली तवाच सुटला. जुळलं, अण्णा."

आणि वाट बघत उभी राहिले, आता 'पुरावा काय' विचारतील म्हणून.

अण्णांनी चष्मा घातला, चंद्राकडं एकदा नीट बघून घेतलं.

"व्हय," म्हणाले. "जुळलं की."