दातात धरलेलं लाटणं

बसूअण्णा इंजिनाचा आवाज दातांनी ऐकायचे. थट्टा नाही करत. चालू इंजिनावर लाटण्याचं एक टोक टेकवायचं, दुसरं दातात धरायचं, डोळे मिटायचे आणि गप उभं राहायचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात लाटणं! पहिल्यांदा बघणारं गिऱ्हाईक गाडी घेऊन माघारी वळायचं.

वळायचं, पण चार दिवसांनी मुकाट परत यायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बाकी मिस्त्रींनी हात टेकले की अण्णाच उरायचे. 'अण्णाचा कान' म्हणूनच त्यांचं गॅरेज चालायचं. त्यांना गाडीबरोबर मालकही ऐकू यायचा. एका डॉक्टरला भर चौकात म्हणाले, "डाक्टर, तुमी घरात भांडून गाडी काढताय. क्लच सांगतोय की." डॉक्टरनं पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर ठेवला. कुणी विचारलं, "अण्णा, मग घरात चपात्या कशानं लाटता?" तर म्हणायचे, "आमच्यात भाकरी."

माझी गाठ पडली ती मी जुनी टर्बो गाडी घेतली तेव्हा. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. विकणाऱ्यानं त्याचं असं वर्णन केलं की मला वाटलं, गाडी आता उडतीच. पहिल्याच रविवारी सुनंदाला, म्हणजे आमच्या मंडळींना, घेऊन गगनबावड्याला निघालो. धुकं असं की बॉनेट दिसेना. चढाला पाय दाबला आणि गाडीतनं बारीक, लांब रडणं आलं. बाईमाणसाचं. पाय उचलला, बंद. दाबला, पुन्हा सुरू. वर पोचून चावी फिरवली, इंजिन थांबलं, आणि त्यानंतर बॉनेटखाली कुणीतरी सावकाश उसासा सोडला.

"गाडीत कोणतरी हाय," सुनंदा म्हणाली. "मी एस्टीनं जाते." आणि गेली की हो! पुढं कोडोलीला माहेरी जायचं तरी एस्टीच. गाडी दारात झाकून ठेवून मी तिची पिशवी उचलून स्टँडवर चालत जायचो. सगळी गल्ली हसायची. दोन मिस्त्रींना काही सापडलं नाही. तिसऱ्यानं बॉनेटला लिंबू-मिरची बांधून हात जोडले.

शेवटी गाडी अण्णांकडं नेली. त्यांनी लाटणं लावलं आणि एकदम हात वर केला. "थांबा. अजून बोलतंय."

हे त्यांचं पेटंट वाक्य. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. मग डोळे उघडून म्हणाले, "आदीचा मालक लई घाईचा व्हता. चढ चढून आला की लगेच चावी बंद. आत पंखा फिरतोय, त्याचं तेल तोडलं ह्यानं. जळालाय बिचारा." पण रडतंय कोण, ते त्यांनाही कळेना. म्हणाले, "चढाला न्हेऊन ऐकाय पायजे."

जोतिबाच्या रस्त्याला लागलो. मी चालवतोय, अण्णा डॅशबोर्डला लाटणं टेकवून डोळे मिटलेले. चढाला रडणं सुरू झालं. तेवढ्यात मागनं एका ट्रकनं हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. माझे कान बधिर झाले. अण्णा ढिम्म! मी गाडी कडेला दाबली, ट्रक वीतभर अंतरावरनं गेला, तेव्हा वाऱ्यानं दचकून त्यांनी डोळे उघडले. "हे कुठनं आलं?"

मी गाडी थांबवून विचारलं, "अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही?" ते नुसतेच बघत राहिले. मग मला ओरडून विचारावं लागलं.

लाटणं मांडीवर ठेवून म्हणाले, "सा वर्सं झाली. हाडातनं येतंय तेवढंच. बाकी ओरडणाऱ्याच्या ओठांवरनं वळकतो. कुणाला बोलू नगा पावणं. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणंल?"

सहा वर्षं! आणि कुणाला पत्ता नाही. लागणार कसा? कोल्हापुरात ओरडून बोलणाऱ्याला बहिरा कोण म्हणणार? आम्ही सगळेच तसे बोलतो. मी शब्द दिला. अण्णा खुशीत म्हणाले, "रबरी पायपाला चीर हाय. दाब आला की उघडती अन् रडती. भूतबीत काय न्हाई. उसासा त्या जळक्या पंख्याचा. आठ दीस ठेवा गाडी."

भूत नाही म्हटल्यावर मी निश्चिंत झालो. पण गॅरेजशेजारचा वेल्डर भेटला आणि पुन्हा जीव टांगणीला. म्हणाला, "दुपारी एक ते दोन अण्णा शटर अर्धं खाली घेतोय. तवा आत जाऊ नगा. येक बी इंजिन चालू नसतंय, तरी आतनं घुमतंय. मेलेल्या गाड्या ऐकतोय त्यो." हसण्यावारी न्यायला गेलो, तर त्याच्या हातावर खरंच काटा होता.

आठव्या दिवशी मला दम निघेना. दीड वाजता गेलो, हाका मारल्या. कुणाला मारत होतो कुणास ठाऊक! वाकून आत शिरलो. अंधार. साखळ्यांना इंजिनं लटकलेली. कोपऱ्यात माझी गाडी, बंद. आणि आवाज येत होता. बारीक, लांब, मध्येच तुटणारा. पळून जावं असं फार वाटलं, पण आवाजाच्या दिशेनं सरकत गेलो.

गाडीमागं एक पडदा होता, तो अर्धा सरकलेला. आत खाटेवर अण्णांची बायको, गंगव्वा. तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठ जेमतेम हलत होते. अण्णा तिच्यावर वाकलेले. लाटण्याचं एक टोक तिच्या गळ्याखालच्या हाडावर, दुसरं त्यांच्या दातात. डोळे मिटलेले.

माझ्या पायानं पाना उडाला. गंगव्वानं बघितलं आणि ती थांबली. तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. आता हे खवळणार म्हणून मी कानकोंडा झालो. पण त्यांनी लाटणं धोतराला पुसलं आणि माझ्याशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"अंगावरनं वारं गेल्यापासनं तिचा आवाज येवढाच उरलाय. त्यो बी रोज कमी व्हतोय. अन् कान माझा असला. रोज येकच इचारती, 'ऊटा आतेन्री?' जेवलासा का म्हून."

मी ओरडून विचारलं, "मग तुम्ही काय सांगता?"

"न्हाई म्हणतो. व्हय म्हटलं की ती गप पडती. न्हाई म्हटलं की रागं भरती. तासभर बोलती बगा."

कोपऱ्यात डबा उघडा पडला होता. धुतलेला. अण्णा केव्हाच जेवले होते.

चावी मागायलाच आलो होतो, पण ती मागितली नाही. मी निघतो म्हणून खूण केली. अण्णांचं लक्ष नव्हतं. गंगव्वाचे ओठ पुन्हा हलायला लागले होते. त्यांनी घाईनं लाटणं दातात धरलं, हात वर केला, आणि दातांतूनच म्हणाले, "थांबा. अजून बोलतीया."

मी एका जुन्या टायरवर बसून राहिलो.